उजव्या बुटाचं टोक

उस्तादाला माणसांच्या चेहऱ्यात काडीचा रस नव्हता. तो बघायचा तळ, तेही बुटांचे. कोपऱ्यावरच्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात बूट आला की आधी उलटा व्हायचा. "साहेब, बॅग नेहमी डाव्या खांद्यावर घेता ना? टाच सांगतेय." "ताई, शिवणयंत्र चालवता वाटतं?" गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. नसत्या चौकशा म्हणा हव्या तर, पण वीस वर्षांत अंदाज चुकला नाही, असं निदान तो स्वतः तरी सांगायचा.

वर्षाच्या शेवटच्या दुपारी जेवण झाल्यावर तो एका चिठ्ठीच्या पाठीवर संकल्प लिहीत बसला होता. पहाटे उठायचं. चहा कमी करायचा. मुलीला रोज अर्धा तास वेळ द्यायचा. बायको नर्स, त्या दिवशी सुट्टीवर होती. तिने खांद्यावरून वाचलं आणि तिला हसूच फुटलं.

"अहो, वेळ द्यायला ती काय गिऱ्हाईक आहे? आणि तुमचे संकल्प म्हणजे नव्याचे नऊ दिवस! यंदा एकच करा. पण आधी पोरीला काय हवंय ते तरी बघा."

बघा म्हटल्यावर उस्तादाने काय बघावं? दाराशी पडलेले पोरीचे शाळेचे बूट. उचलले, उलटे केले, सरळ केले. डावा शाबूत होता. टाचा दोन्ही सरळ. उजव्याचं टोक मात्र पार गेलेलं, आतलं अस्तर डोकावत होतं. त्या टोकाला तीन महिन्यांत त्याने तीन ठिगळं लावली होती, अशी सफाईदार की शिवण शोधून सापडू नये. दर वेळी स्वतःच्याच कामावर खूश व्हायचा आणि बूट ठेवून द्यायचा. हे झिजतं कशाने, हा प्रश्न जगाला विचारणाऱ्याने घरात कधी विचारला नव्हता. आता विचारला. पोर पाय ओढत तर नाही?

बायकोने पाय दाबून, वळवून पाहिला, लंगडी घालायला लावली. "पाय ठणठणीत आहे," ती म्हणाली.

"मग टोक कशाने झिजतं गं?" त्याने पोरीला विचारलं.

"असंच."

"असंच म्हणजे?"

"असंच म्हणजे असंच, बाबा!" नऊ वर्षांच्या पोरीने असं म्हटलं की विषय संपला.

उस्तादाने चिठ्ठीवरचं सगळं खोडलं आणि खाली लिहिलं, टोक कशाने झिजतं ते शोधायचं. बायकोने कपाळावर हात मारला. पण त्याला झोप लागेना. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेलं दुखणं बुटात दिसतं, यावर त्याचा ठाम विश्वास होता.

शाळा सुरू झाली तसा तो रोज सकाळी तिच्या मागे दहा पावलं ठेवून चालू लागला. नजर तिच्या पायांवर. शेजारच्या काकूंनी विचारलंसुद्धा, "काही पडलंय का हो तुमचं?" पोर जिने चढली, मधल्या सुट्टीत दोरीवरच्या उड्या मारल्या, संध्याकाळी सायकल चालवली. टोक कुठेच घासत नव्हतं. राहिली फक्त शाळा सुटतानाची वेळ.

शाळा चारला सुटायची. बायको तेव्हा कामावर, त्यामुळे पोरीला आणायचं काम उस्तादाचं. तो जायचा चारच्या सुमारास. त्याचा सुमार म्हणजे पावणेपाच. एवढा एक टाका घालतो आणि निघतो, म्हणता म्हणता दुसरा बूट हातात यायचा.

त्या गुरुवारी मात्र त्याने साडेतीनलाच दुकान आवरलं. एक बाई सँडलची तुटकी टाच हातात घेऊन दारात उभी. "आणि मी घरी जाऊ कशी?" त्याने कोपऱ्यातल्या आपल्या रबरी चपला तिच्यापुढे सरकवल्या आणि शटर ओढलं.

शाळेसमोर एका टेम्पोच्या आडोशाला तो उभा राहिला. घंटा झाली. बाहेर येणारं प्रत्येक पोर आधी रस्त्याकडे बघायचं आणि आपलं माणूस दिसलं की धूम ठोकायचं. त्याची पोर आली. तिने रस्त्याकडे पाहिलंच नाही. सरळ फाटकाशेजारच्या भिंतीपाशी गेली, दप्तर खाली ठेवलं आणि उजव्या बुटाचं टोक विटेवर घासू लागली. वर, खाली. वर, खाली. काही घाई नव्हती. तिथल्या विटेचा रंग कधीच उडाला होता.

"बाकावर बस की गं, बाळ," वॉचमन म्हणाला.

"नको काका. बाबांना इथून लगेच दिसते मी."

उस्तादाला टोक वाचता आलं. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती. त्याने तसाच रस्ता ओलांडला. चार वाजून सात मिनिटं झाली होती. आता पोर धावत येऊन गळ्यात पडणार, असं त्याला वाटलं.

पोरीने त्याला पाहिलं आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"बाबा, आईला काय झालं?"

"काही नाही गं. शाळा सुटली, म्हणून आलो."

"खरं सांगा ना!" तिने त्याची बाही ओढली.

तो गुडघ्यावर बसला. "आईशप्पथ, काही नाही झालं. आता रोज चारलाच येणार मी."

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. "आधी आईला फोन लावा."

त्याने लावला. पलीकडे बायकोने उचलला. शाळेतून बोलतोय, असं तो म्हणाला. तिने घड्याळ पाहिलं असावं, कारण तिचा आवाज चिरकला.

"अहो, तुम्ही आत्ता शाळेत? पोरीला काय झालं?"