शेळीच्या खुरासारखा टायर
रबराच्या सोल्यूशनचा वास आला की सांगलीतलं गाड्यांच्या सीट शिवायचं एक दुकान आठवतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी आणि मैत्रिणीने रिमोटवर दगड चढणारी छोटी गाडी बनवली होती. तिच्या पोकळ टायरांत आम्ही फोम गच्च ठासला होता. टणक म्हणजे मजबूत, एवढीच आमची अक्कल. उद्या सरांना गाडी दाखवायची आणि ती तर प्रत्येक दगडावरून घसरत होती, म्हणून आणखी कडक फोम मागायला आम्ही त्या दुकानात गेलो. म्हातारे मालक जतकडचे, मेंढरं राखून मोठे झालेले. त्यांनी टायर अंगठ्याने दाबून बघितला. “पोरींनो, शेळीचा खूर कवा हातात धरलाय? कडंला टणक आसतोय, मधी मऊ. तवा ती कड्यावर टिकती. तुमी आख्खा दगूडच केलाय. दगडावर दगूड टिकतोय व्हय?” त्यांनी फोम उपसला, कडेला सोल्यूशनने कडक पट्टी चिकटवली आणि मधे सीटचा मऊ फोम सैलसर भरला. मग दारातल्या काळ्या दगडाला गाडी लावली. टायर कंगोऱ्यावर दबला, तळव्यासारखा दगडाला बिलगला आणि गाडी सावकाश वर चढली. आम्ही ती पुन्हा पुन्हा चढवून बघत राहिलो. म्हातारबा मात्र पुढची सीट शिवायला बसलेसुद्धा. आता मी साताऱ्यात असते. अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर एखादी शेळी दिसली की अजून थांबते, आणि आधी तिचे पाय बघते.