कुंकवाखालचा दिवा

राइस मिलच्या वजनकाट्यावर मी अकरा वर्षं नोंदी ठेवते. सर्व्हर आला तेव्हा तोही माझ्याकडेच आला, कारण त्याची माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचणारी ऑफिसात मी एकटीच होते. त्यात नोंदी साठवणाऱ्या चार डिस्क, म्हणजे एसएसडी, आहेत. एक बिघडली तरी उरलेल्या तिन्हींवर काम चालतं, आणि सर्व्हर बंद न करता नवी बसवता येते. पण तेवढ्यात चांगल्यांपैकी एक चुकून काढली, तर सगळ्या नोंदी गेल्या.

धानाच्या ऐन हंगामात एका सकाळी पडद्यावर आलं, एक डिस्क निकामी. मी काटा थांबवला. चौदा ट्रॅक्टरांचं भरलेलं वजन फक्त सर्व्हरमध्ये होतं. त्यांचं धान गोदामाच्या ढिगात मिसळलेलं, आणि पावती मिळते ती रिकाम्या ट्रॉलीचं वजन झाल्यावर. ते आकडे गेले असते तर कुणी किती आणलं हे कुणालाच सांगता आलं नसतं.

मॅनेजर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. आत येऊन त्याने बोट दाखवलं, "तिसऱ्या कप्प्याचा दिवा लाल दिसून राहिला ना ताई! खिचो और लगाओ."

"आधी नोंदींची प्रत. बावीस मिनिटं लागतील."

"बावीस? बाहेर लोक बोंबलून राहिले!"

"बोंबलू दे."

खिडकीशी केशोरी गावाकडचे एक शेतकरी उभे होते. ते म्हणाले, "बाई, कायले थांबवलं आमाले?"

"भाऊ, तुमचं वजन हरवू नये म्हणून."

"मंग थांबतो," म्हणून ते ट्रॉलीच्या सावलीत जाऊन बसले.

मॅनेजर मात्र हटेना. "डरती बहुत हो आप. सरका, मीच काढतो."

मी खुर्ची सर्व्हरसमोर ओढली आणि बसले. "मला कामावरून काढ, मग डिस्क काढ."

प्रत झाली. ती उघडून चौदाही वजनं मोजली. मग पडद्यावरचा निकामी डिस्कचा क्रमांक माझ्या वहीशी ताडला. बसवताना कुठल्या कप्प्यात कोणती, हे मी लिहून ठेवलं होतं. वही म्हणत होती चौथा कप्पा. लाल दिसत होता तिसरा.

कोरड्या फडक्याने तिसरा दिवा पुसला. फडकं लाल झालं, दिवा हिरवा. चौथ्यावरचा जाड थर खरवडला, तर खाली बिघाडाचा नारिंगी दिवा लुकलुकत होता. दसऱ्याच्या पूजेत चारही डिस्कांना कुंकू मीच लावलं होतं.

मी पडद्यावरून चौथी डिस्क बंद केली, खटका दाबून बोटभर ओढली, अर्धा मिनिट थांबले, मग पूर्ण काढली. तेवढ्याच क्षमतेची नवी सरकवली. तिच्यावर नोंदी पुन्हा उतरू लागल्या: शून्य टक्के, एक टक्का. काटा सुरू केला. चौदाच्या चौदा पावत्या निघाल्या. शंभर टक्के व्हायला संध्याकाळचे पाच वाजले.

"कुंकवाचं वहीत नका लिहू ताई," मॅनेजर हळूच म्हणाला. "मालक हसतील."

"हसू दे." मी लिहिलं, 'दिव्यांवर कुंकू मी लावले. काटा एक तास पाच मिनिटे मी थांबवला.' खाली सही केली.

पूजा मी यंदाही केली. कुंकू सर्व्हरच्या झाकणावर लावलं. आणि डिस्क बदलायची वेळ पुन्हा आली, तर काटा पुन्हा थांबवीन.