नौपाड्यातला टेम्पलर

कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगसाठी आमच्या इतिहासाच्या सिस्टरांनी टेम्पलरांचं नाटक बसवलं आणि मला एका मुक्या शिपायाचं काम दिलं. उंची होती, बोलायचं नव्हतं. मी खूश होते.

टेम्पलर म्हणजे मध्ययुगातले तलवार बाळगणारे ख्रिस्ती संन्यासी. गरिबीची शपथ घेऊन ते इतके श्रीमंत झाले की राजे त्यांच्याकडून कर्ज काढू लागले. मग फ्रान्सच्या कर्जबाजारी राजाला एकाएकी समजलं, की हे लोक धर्म बुडवतात, क्रूसावर थुंकतात. धरपकड झाली, अतोनात हाल झाले आणि बहुतेकांनी सगळं कबूल केलं. हे शिकवताना सिस्टर राजाबद्दल वावगा शब्द काढत नसत. तोही कॅथलिकच होता.

आईने बाबांच्या जुन्या धोतराचा झगा शिवला, छातीवर लाल क्रूस लावला आणि धुऊन गॅलरीत वाळत घातला. आमची गॅलरी रस्त्यावर होती. संध्याकाळपर्यंत नौपाड्यात मी बाटले होते.

बातमी कल्याणला पोचली आणि आत्या आली. ती बाबांची थोरली बहीण, घरात तिचा शब्द चाले. मला मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं, आणि ती म्हणाली, पोरीला शाळेतून काढा. मी सांगितलं, नाटक आहे. मग मान खाली का, असं तिने विचारलं. झगा मी शिवला, असं आई म्हणाली, तर तीही सामील ठरली. नाकारावं तसे आरोप वाढत गेले. मी गुडघे टेकते, माझं नाव बदललंय, गळ्यात काहीतरी घालते. बाबाही वळायला लागले होते.

तेव्हा मला वर्गात शिकलेलं आठवलं. कबुलीला चिकटून राहिलेल्या टेम्पलरांना बहुधा प्रायश्चित्त देऊन सोडलं. कबुली मागे घेणाऱ्यांना जाळलं.

"आत्या," मी म्हटलं, "सिस्टरांच्या सणाला मी अंड्याचा केक खाल्ला."

असला केक मी लांबूनही पाहिला नव्हता. आत्याचा चेहरा मात्र निवळला.

"बघ," ती बाबांना म्हणाली, "मी म्हणत नव्हते, काहीतरी आहे?"

पंचगव्य आणि एक उपास, एवढ्यावर मिटलं. शाळेचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही. हाती एक गुन्हा लागल्यावर बाकीच्यांची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. आसपास कुणी नाही असं बघून तिने हळूच विचारलं, "कसं लागतं गं ते?"

टेम्पलर एका मुंडक्याची पूजा करतात, असाही आरोप होता. ते मुंडकं कधी कुणाला सापडलं नाही, पण वर्णन अनेकांनी दिलं. कुणी दाढीवालं सांगितलं, कुणी दोन तोंडांचं.

"मऊ असतं," मी म्हटलं. "खरवसासारखं. थोडं कोरडं."

आत्याने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आणि हा सण," ती म्हणाली, "परत कधी असतो?"