खरखर

ढोकीकडच्या एका साखर कारखान्यात मी वॉकीटॉकीच्या खोलीत कामाला होते. गेट, वजनकाटा आणि क्रेनचं यार्ड, सगळे एकाच चॅनलवर बोलायचे. दोघांनी एकदम बटण दाबलं की कुणाचंच ऐकू यायचं नाही, नुसती खरखर. मग दोघंही घाईनं पुन्हा बटण दाबायचे आणि पुन्हा खरखर.

एका दुपारी ऊसतोडीची एक बाई ट्रॉलीखाली पडलेला कोयता घ्यायला वाकली. वर क्रेनला उसाची मोळी लटकलेली. यार्डातले मुकादम मामा वॉकीटॉकीवर ओरडले, "थांबव!" नेमकं तेव्हाच गेटवाला ट्रॉल्या सोडू का विचारत होता. क्रेनवाल्याला काहीच कळलं नाही. मोळी खाली आली. बाई वाचली, पण हात मोडला.

दुसरा चॅनल मागितला तर साहेब म्हणाले, "पुढच्या हंगामात बघू." तोवर थांबायची माझी तयारी नव्हती. मी मामा, काटेवाला आणि गेटवाला अशा तिघांना बोलावलं.

"आधी ऐकायचं, मग बटण दाबायचं. खरखर झाली की सगळ्यांनी गप्प. मामांनी लगेच बोलायचं. काटेवाल्यानं मनात एकदा 'येळकोट' म्हणून मग बोलायचं. गेटवाल्यानं तीनदा म्हणून."

गेटवाला भडकला. "मीच का मागं? मी काय सावत्र हाय?"

"तुमच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. मामांच्या माणसांच्या डोक्यावर मोळी असते."

मामाही कुरकुरले, "नियम कशाला? मोठ्यानं बोलायचं की."

"मामा, त्या दिवशी तुम्ही कमी मोठ्यानं बोललात का?"

मामा वॉकीटॉकी घेऊन यार्डाकडं गेले.

पहिले काही दिवस जो तो मधेच घुसायचा. मी त्याला उत्तरच द्यायची नाही. शिव्या ऐकल्या, साहेबांकडं तक्रार गेली, तरी मी हटले नाही.

मग एकदा ऐन गर्दीत खरखर झाली आणि चॅनल एकदम शांत झाला. मामांचा आवाज स्वच्छ आला, "क्रेन थांबव, साखळी तुटतीय!" क्रेन जागेवर थांबली. खालची माणसं बाजूला पळाली आणि मोळी रिकाम्या जमिनीवर आदळली.

जरा वेळानं गेटवाला बोलला, "आता म्या बोलू का?"

"बोला," मी म्हटलं.

पाळी सुटल्यावर मामा खोलीत आले. "पोरी, दुसऱ्या पाळीच्या लोकान्लाबी सांग हे."

मी डबा पिशवीत टाकला आणि घरी जायच्या आधी यार्डाकडं निघाले.