सव्वा महिन्याच्या आत
निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा पडला, की त्या धुरीच्या वासाबरोबर मला बोरीची शाळा आठवते. तिथं माझ्या शेजारच्या वर्गावर तासिकेवर नेमलेली एक तरुण शिक्षिका होती. शिकवील तेवढ्याच तासांचा पगार, मग बाळंतपणाची रजा कुठली? आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. ती त्याच्या आतच हजर झाली. कानात कापूस, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, साडीला धुरीचा वास. लेकरू वालूरला, तिच्या आईपाशी. हिवाळ्यातली सकाळ होती. मी खडू मागायला तिच्या वर्गात गेले, तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून कुणाचं तरी तान्हं रडत गेलं. फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात थांबला. ती वळलीच नाही. फळ्याकडं तोंड करूनच तिनं पदर छातीशी घट्ट ओढून धरला. मी जवळ गेले तर तो भिजत चालला होता. “मॅडम, माझं लेकरू तर वालूरला हाय,” ती हळूच म्हणाली, “पण दुधाला काय कळतंय, कुणाचं रडायलंय ते?” आता माझी लेक भरपगारी रजेवर माहेरी आलीय. काल धुरी देताना नातू रडला, तिनं लगेच त्याला पाजायला घेतलं. मी मात्र दाराकडं बघत राहिले. ते रडणं ऐकून ती बाई ओल्या पदरानं आत येईल, असं वाटत राहिलं.