रिकामी कात्री

सरकारी शाळेत नवं काम निघालं की ते बोलणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. म्हैसूरच्या आमच्या हायस्कुलाला जोडून ज्युनियर कॉलेज होतं आणि तिथं मी गृहविज्ञान शिकवत असे. एका मीटिंगमध्ये मी म्हणाले, की आमच्या निम्म्या मुली दहावीनंतर घरी बसतात, त्यांच्या हाताला काही काम शिकवायला नको का? हेडमास्तर चहा पीत ऐकत होते. पुढच्या वर्षी सरकारचा धंदेशिक्षणाचा कोर्स आमच्याकडं आला, कपडे बेतायचा आणि शिवायचा, दोन वर्षांचा. तो चालवायला कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

जागा मिळाली ती मैदानाच्या कोपऱ्यातली जुनी खोली, जिथं आधी एन.सी.सी.चे बूट ठेवत. चामड्याचा वास काही केल्या जाईना. पायमशिनी आल्या, मोठ्या लोखंडी कात्र्या आल्या, भिंतीला लावायचे तक्ते आले. कापड मात्र आलं नाही. मी खात्याला लिहून लिहून थकले. शास्त्र शाखेचे लेक्चरर व्हरांड्यातून जाताना आत डोकावत आणि म्हणत, मॅडमनी छान संसार थाटलाय. माझा राग नाकावरच असायचा, पण तो त्यांच्यावर काढायला वेळ नव्हता.

आता कापड नाही तर कात्री शिकवायची कशी? वर्तमानपत्रं कापावीत तर कागदानं कात्रीची धार जाते. शिवाय रद्दी आम्हांला नमुने काढायला लागायची आणि तिचा कपटासुद्धा मी जपून ठेवत असे. म्हणून मी एक युक्ती काढली होती. सकाळी पहिल्या तासाला सगळ्या मुली रांगेत उभ्या राहून हवेतच कात्री चालवत. उघड, मिट, उघड, मिट. त्या कात्र्या अशा जड होत्या, की सवय नसलेलं मनगट दहा मिनिटांत भरून येई. महिन्याभरात मुलींचे हात तयार झाले आणि मी स्वतःवर फार खूश झाले.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कोर्सचा एक नियम होता. प्रत्येक मुलीनं एक महिना खऱ्या दुकानात, बेतायच्या टेबलावर काम करायचं, नाहीतर शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही. बाकीच्या मुलींची सोय लागली. कुणाची मावशी ब्लाउज शिवायची, कुणी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात गेली. राहिली ती एकच, एच. डी. कोटेजवळच्या खेड्यातली, हॉस्टेलवर राहणारी. बोलायला कमी, हाताला वळण मात्र असं, की तिनं खडूनं ओढलेली रेघ पुसावीशी वाटू नये. तिच्या गावच्या बायकांना एका ब्लाउजसाठी दोनदा बस धरून एच. डी. कोटेला जावं लागे, एकदा माप द्यायला आणि एकदा आणायला. गावातच दुकान काढायचं, असं तिनं ठरवलं होतं. वडिलांनी तिला सरळ सांगितलं होतं, बेतायला शिकून आलीस तर रस्त्याकडची खोली तुझी, नाहीतर बघून ठेवलेल्या मुलाशी लग्न. तिनं हे मला अगदी शांतपणे सांगितलं.

मी शहरातली दुकानं पालथी घातली. मुलगी घ्यायला सगळे तयार होते, पण काज-बटणाला आणि हातशिलाईला. कात्रीला हात लावू द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मला आमच्या आईचे टेलरमास्टर आठवले. विठ्ठलाच्या देवळाच्या गल्लीत त्यांचं दुकान. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात राहिलेलं, शिवणकामातलं मराठी घर, दर एकादशीला दुकान लवकर बंद करून भजनाला बसणारं. आईचे सगळे ब्लाउज त्यांनीच शिवले. दुकानात दोन कारागीर मशिनीवर बसत, पण बेतायचं काम मास्टरांचं एकट्याचं. कात्री त्यांच्या उजव्या हाताशी असे आणि तिला कारागीरसुद्धा शिवत नसत. मी आईचं नाव काढलं, गोडीगुलाबीनं बोलले, आणि आधी वर्ग तर येऊन बघा, असं म्हटलं. ते सोमवारी यायला कबूल झाले.

सोमवारी सकाळी मास्टर आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, कपाळाला बुक्का. मी मुद्दाम पहिल्या तासाला बोलावलं होतं, मुलींची शिस्त दिसावी म्हणून. ते दाराशी पोचले आणि आत सगळ्या कात्र्या एकदम वाजायला लागल्या. मास्टरांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला होता, तो मागं घेतला. मी खुर्ची पुढं केली तर त्यांनी हात जोडले आणि वळले. मी त्यांच्या मागं धावत मैदानापर्यंत गेले. तिथं ते थांबले.

“काय अक्का हे? सुम्मने, उगीचच कात्री चालवता? तोंडात काही नाही तिच्या. रिकामी कात्री वाजली की घरात भांडणं लागतात, गोत्तिल्लवा तुम्हाला?”

मला काय ठाऊक नव्हतं? आमची आई साधी नखं कापायची कात्री रिकामी वाजवली तरी पाठीत धपाटा घालायची. पण सरकारी कोर्स चालवताना ते कुठं डोक्यात येतं? मी मास्टरांना कापडाची सगळी रडकथा सांगितली. ते ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, पण एवढ्या रिकाम्या कात्र्यांमधून आलेली मुलगी दुकानात घ्यायला त्यांचं मन होईना. मग माझाही तोल गेला. मी म्हटलं, भांडणं लागायची तर लागू देत, पहिलं आपलंच लागतंय बघा. ते हसले नाहीत. गेट उघडून निघून गेले.

ही सगळी बोलाचाली त्या हॉस्टेलवरच्या मुलीनं खिडकीतून बघितली होती. तिला मराठी येत नव्हतं, पण काय झालं ते कळलं. दुपारी ती माझ्याकडं न येता सरळ त्या गल्लीत गेली. मास्टरांना तिनं कन्नडमध्ये एवढंच विचारलं, काज-बटण तरी करू का? दारात उभ्या राहिलेल्या पोरीला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तिला कोपऱ्यात बसायला पाट दिला.

दिवस जायला लागले. मी जाता-येता डोकावायची. ती कोपऱ्यात खाली मान घालून हुक लावत असायची आणि मास्टर टेबलाशी उभे. दुकानात ती सगळ्यांची लाडकी झाली होती. मास्टरांच्या घरून दुपारी डबा आला की त्यातलं आंबट वरण आणि भात तिच्या ताटात आधी पडे. टेबलाखाली पडलेली कात्रणं ती गोळा करून ठेवी आणि शनिवारी पिशवी भरून आमच्या वर्गात आणून देई. तेव्हापासून आमच्या पहिल्या वर्षाच्या मुली चिंध्या कापून हात तयार करू लागल्या. एवढी सुधारणा झाली खरी, पण अर्धा महिना सरला आणि तिचा हात कात्रीला लागला नाही. मी चिडून विचारलं तर ती म्हणाली, मास्टर कसे कापतात ते बघतेय. अगं, बघून कुणाला खोली मिळते का?

रात्रभर मी चडफडले आणि सकाळी कपाट उघडलं. आईच्या म्हैसूर सिल्कच्या साडीतला ब्लाउजचा कपडा मी कधीचा जपून ठेवला होता, जांभळा, बारीक जरीच्या काठाचा. जिवापाड जपलेल्या वस्तू आपण वापरतही नाही आणि कुणाला वापरूही देत नाही. मी तो घेऊन दुकानात गेले आणि मास्टरांच्या टेबलावर ठेवला. माप माझं, कपडा माझा, आणि बेतणार ही, असं सांगितलं.

मास्टरांनी कपड्यावरून हात फिरवला. आईच्या साडीतला आहे हे त्यांनी ओळखलं. सिल्क घसरतं, शिकणाऱ्या हाताचं काम नव्हे, असं ते म्हणाले. गिऱ्हाईक मी आहे, असं मी म्हणाले.

“बिघडला तर दसऱ्याला काय घालाल, अक्का?”

“बिघडलेलाच घालीन. आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला तुमच्या दुकानाचं नाव सांगीन.”

कारागीर मशिनीवर वाकून हसू लपवायला लागले. मास्टरांनी मुलीकडं बघितलं. ती हुक खाली ठेवून उठली होती. त्यांनी आपली जागा सोडली आणि कात्री टेबलाच्या मधोमध ठेवली. हातात दिली नाही. कात्री हातातून हातात देत नाहीत, तेही आमच्या घरांत पाळतात.

तिनं माझं माप घेतलं. कपडा पसरला, घसरू नये म्हणून कडेला वजनं ठेवली, खडूनं रेघा ओढल्या. मास्टरांनी चष्मा लावून त्या रेघा निरखल्या आणि चष्मा काढून ठेवला. मग तिनं कात्री उचलली, उघडली, कापडाच्या कडेशी नेली आणि थांबली.

ती तशीच उभी राहिली. मशिनी थांबल्या होत्या. मला वाटलं, आता ही कात्री मिटून खाली ठेवणार. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, आणि दोन धपाटे घालावेसेही वाटत होते.

“खाली मुच्चबेडा,” मास्टर हळूच म्हणाले. रिकामी मिटू नको.

तिनं मान वर केली. ते रागावून बोलले नव्हते. उघडलेली कात्री आता काही कापल्याशिवाय मिटायची नव्हती, आणि हे ती त्या दुकानात राहून शिकली होती. तिनं पहिला काप घेतला. मग हात थांबला नाही. काखेच्या गोलाईला ती इतकी हळुवार वळली, की खडूची रेघ कुठंच सुटली नाही.

उरलेले दिवस ती टेबलाशी होती. मास्टर आधी सुती कापड तिच्यापुढं टाकत, मग चांगलंही टाकायला लागले.

महिना संपला त्या शनिवारी तिचे वडील तिला न्यायला आले. मीही ब्लाउज घ्यायला गेले होते. कबिनी नदीकाठचा उंच, उन्हानं रापलेला माणूस. दुकानाच्या पायरीशी चपला काढून उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. माझ्याशी बोलताना त्यांनी त्या मुलाकडच्या लोकांचा विषय काढला, पुढच्या आठवड्यात येणार आहेत म्हणाले. मी ब्लाउजची पिशवी घट्ट धरून ऐकत होते.

तेवढ्यात एक बाई कापड घेऊन आल्या. मास्टरांनी ते उलगडलं आणि सवयीनं उजवा हात बाजूला नेला. तिथं कात्री नव्हती. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, मुलीच्या हाताशी होती. मास्टरांनी ती तिच्याकडं मागितली. तिनं काम न थांबवता कात्री उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली.

वडील बघत होते. मुलाकडच्या लोकांविषयीचं बोलणं अर्धवटच राहिलं. थोड्या वेळानं ते वाकून टेबलाखाली बघायला लागले, पाय कसे जोडलेत ते. मग पायरीवर उभ्या उभ्याच वितीनं टेबलाची रुंदी मोजल्यासारखं केलं आणि मला विचारलं, “एवढं टेबल खोलीच्या दारातून आत जाईल, की आतच बनवून घ्यावं लागेल?”