त्या बाबांना पाणी लांबून का दिलंस?

मंडळी, आज आईने माझी उलटतपासणी घेतली. तिच्या शेवटच्या वाक्याला काय उत्तर द्यायचं? तुम्हाला सुचलं तर सांगा.

बीएस्सीनंतर मी न्यूक्लिअर मेडिसिनचं ट्रेनिंग घेतेय. पेशंटला किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन देतात आणि मग शरीरातून येणारे किरण कॅमेरा टिपतो.

आज आई डबा घेऊन आली. आमच्या विभागात खाणं आत नेत नाहीत, म्हणून ती दाराशीच थांबली. तिथून तिने पाहिलं: इंजेक्शन घेतलेले एक म्हातारे बाबा वेगळ्या खोलीत एकटेच बसलेत. त्यांचा संडाससुद्धा वेगळा. मी पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि पटकन मागे सरले.

माझी सुट्टी झाल्यावर दोघी पंचवटीला घरी परतताना रिक्षात तिने हळूच विचारलं, "ते बाबा आपल्या समाजाचे होते का गं?"

येवल्याकडच्या तिच्या गावात लहानपणी तिला पाणी असंच लांबून मिळायचं.

"अगं, त्यांच्या अंगातून, लघवीतूनही, किरण येतात. आम्ही रोज इतक्या पेशंटजवळ असतो, म्हणून जरा लांब राहायचं. डॉक्टरांना इंजेक्शन दिलं तरी हेच."

"डॉक्टरांनाही वेगळा संडास?" तिला पटेना. "खरं सांग."

"खरंच. सगळ्यांना सारखंच."

"मग ते अंगातून जातं कधी?"

"उद्यापर्यंत. आपोआप."

आईने पदर सावरला. मग म्हणाली, "बरंय त्यांचं. एका दिवसात सुटतात."